व्याध पुढे, मृग मागे

आमच्या भावोजींना जगातली एकच गोष्ट नीट माहीत आहे. उन्हाळा का पडतो, ती. एवढ्या एका गोष्टीवर त्यांनी पंचवीस वर्षं विद्वान म्हणून काढली. अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणं म्हणतात ते काय, हे मला त्यांच्याकडे बघून कळलं. तेही चाललं असतं. घरोघरी असा एखादा असतोच, आणि त्याचं कौतुक करून चहा पाजला की तो गप्प बसतो. पण यांच्या विद्वत्तेपायी एका भल्या माणसाचं बाजारातलं नाव गेलं, म्हणून हे सांगायला बसले आहे.

धाकटीच्या, म्हणजे माझ्या लहान बहिणीच्या, लग्नाचं बोलायला ते पहिल्यांदा आमच्या घरी आले, तेव्हा पाणी पिऊन झाल्याबरोबर त्यांनी माझ्या वडिलांना विचारलं, "उन्हाळा का पडतो, सांगा बरं?"

वडील साधे. ते म्हणाले, "हिवाळा संपतो म्हणून."

भावोजी इतके खूश झाले की लग्न तिथेच ठरलं. त्यांना बायको नकोच होती, चुकीचं उत्तर देणारं सासर हवं होतं. बहुतेक लोक म्हणतात की सूर्य जवळ येतो म्हणून उन्हाळा पडतो. हे उत्तर भावोजींचं सगळ्यात लाडकं. "चूक!" असं म्हणताना त्यांचा चेहरा असा उजळतो की वाटावं, यांना आत्ताच बढती मिळाली. "जानेवारीत पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते. मग तेव्हा घाम का येत नाही हो तुम्हाला?"

मग प्रात्यक्षिक. एका रबरी चेंडूत आरपार खुपसलेली विणायची सुई, ही पृथ्वी. सुई तिरकी धरायची, साडेतेवीस अंश. धाकटीनं जेवणाच्या टेबलापाशी उभं राहून दिवा मधोमध धरायचा, ती सूर्य. भावोजी चेंडू घेऊन टेबलाभोवती फिरणार, पण सुईचं टोक कायम कोपऱ्यातल्या फडताळाकडे, कारण फडताळ म्हणजे ध्रुवतारा. एका बाजूला चेंडूचा वरचा अर्धा भाग दिव्याकडे झुकतो, तिथे ऊन सरळ पडतं आणि दिवस लांबतो, तो उन्हाळा. पलीकडच्या बाजूला तोच भाग दिव्यापासून लांब कलतो, ऊन तिरपं पडतं, तो हिवाळा. हे सगळं बरोबर आहे, असं कबूल करताना माझ्या जिवावर येतं. पण बरोबर आहे. सूर्याचा हात दुखून आला तरी सूर्यानं हलायचं नाही, आणि पृथ्वीची फेरी पूर्ण झाली की सूर्यानं दिवा ठेवून चहा टाकायचा.

भावोजी गावच्या वाचनालयाचे ग्रंथपाल. मी त्याच वाचनालयाच्या मागच्या खोलीत पुस्तकं बांधते. खळीचं पातेलं, शिवणीचा दोरा, दाबाचं यंत्र आणि वर एक झरोका, एवढीच माझी खोली. नोकरी मला त्यांच्या आधीपासून, पण लोक समजतात की मेहुणीला त्यांनी चिकटवली, आणि भावोजीही त्यांचा गैरसमज दूर करत नाहीत.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी वाचनालयात त्यांचा आकाशदर्शनाचा कार्यक्रम असतो. दुपारी चार वाजता. खिडक्या लावून. रात्रीच्या हवेनं भावोजींना शिंका येतात आणि मान वर केली की गरगरतं, त्यामुळे आकाश त्यांनी कायम टेबलावर पसरून, चष्मा नाकावर ओढून, वरून खाली बघितलेलं. सप्तर्षी, शर्मिष्ठा, स्वाती, चित्रा, सगळ्यांची नावं घडाघड. कोणता तारा किती लांब, तेही पाठ. फक्त त्यातला एखादा बोटानं दाखवा म्हटलं की पुस्तकाचं पान उलटावं लागायचं.

एकदा मी विचारलं होतं, "भावोजी, प्रत्यक्ष कधी बघितलंत का हो?"

"ताई," ते म्हणाले, "प्रत्यक्षात ढग येतात. पुस्तकात येत नाहीत."

पालथ्या घड्यावर पाणी. मी खळ ढवळत बसले.

तर वाचनालयाच्या अध्यक्षांच्या मनात आलं की मोठ्या वाचनदालनाचं गोल छत आपल्या नावानं रंगवून घ्यावं, आणि त्यावर थंडीतलं रात्रीचं आकाश काढावं. अध्यक्षांचं कापडाचं दुकान, बाजारातल्या दुकानदारांच्या संघाचेही तेच प्रमुख. त्यांनी देखरेखीसाठी भावोजींना नेमलं, आणि कामाला पेंटरला बोलावलं.

पेंटर म्हणजे दुकानांच्या पाट्या रंगवणारा. बाजारातल्या शंभरातल्या नव्वद पाट्या त्याच्या हातच्या. पन्नाशीचा, कमी बोलणारा, नखांत कायम रंग. प्रत्येक पाटीच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात तांदळाएवढ्या अक्षरांत तो आपलं नाव घालायचा. जाहिरात म्हणाल तर तेवढीच. त्या कोपऱ्यातलं नाव वाचून नवा दुकानदार त्याला शोधत यायचा, आणि त्यावर त्याचं घर चालायचं.

छतावर एवढे तारे हातानं काढले तर कुठलाच जागेवर बसणार नाही, म्हणून त्यानं पाट्यांचीच पद्धत धरली. भावोजींनी तारामंडळांचा मोठा छापील नकाशा आणून दिला. पेंटरनं तो जाड कागदाच्या चार तुकड्यांवर मोठा करून काढला आणि प्रत्येक ताऱ्याच्या जागी दाभणानं भोक पाडलं. याला तो खाका म्हणतो. खाका छताला लावायचा, खालून खडूच्या भुकटीची पुरचुंडी थोपटायची, कागद काढला की छतावर ठिपके उमटलेले असतात. त्यावर मग रंग.

पहिला तुकडा लावायच्या दिवशी भावोजी नकाशा घेऊन आले आणि पहिल्यांदाच त्यांनी त्याच्या कडेला छापलेल्या दिशा वाचल्या. वर उत्तर. खाली दक्षिण. आणि डावीकडे पूर्व.

डावीकडे पूर्व! भावोजींचा चेहरा पडला आणि लगेच फुलला. छापणाऱ्याची चूक सापडली होती! उन्हाळ्यानंतर इतका आनंद त्यांना कशानंच झाला नव्हता. मी चिकटवून दिलेली नकाशाची फाटकी घडी बघायला म्हणून दारात उभी होते, त्यामुळे पुढचं सगळं माझ्या कानांनी ऐकलेलं आहे.

"शाळेतल्या पोरालाही कळतं," भावोजी म्हणाले, "नकाशात पूर्व उजवीकडे असते. खाका उलटा करा. चारही तुकडे."

पेंटर परांचीवर, म्हणजे त्याच्या लाकडी मचाणावर, उताणा पडलेला होता. तो वरूनच म्हणाला, "साहेब, मी काल अंगणात झोपून नकाशा डोळ्यांसमोर धरला होता. डोकं उत्तरेकडे, पाय दक्षिणेकडे. डावा हात आपोआप पूर्वेला जातो. जमिनीचा नकाशा आपण वरून बघतो, हा खालून बघायचाय. बरोबर आहे तो."

"झोपून बघितलंत म्हणून उलटा दिसला," भावोजी म्हणाले.

मला हसू आवरेना. पण पेंटर हसला नाही. तो खाली उतरला, कागद टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "मग तसं लिहून द्या. नंतर घोळ नको."

भावोजींना सही करायची भारी हौस. किराण्याच्या यादीवरसुद्धा करतात. त्यांनी लाल पेन्सिलीनं कागदाच्या रेखाटलेल्या बाजूवर ठसठशीत लिहिलं: 'ही बाजू छताला लावणे.' खाली सही, त्याखाली तारीख, आणि त्याखाली एक रेघ, उगीचच.

काम झाल्यावर, आता कसला घोळ म्हणून, पेंटर ते चारही कागद फेकायला निघाला होता. चांगला जाड कागद बाइंडरला फेकवत नाही. मी म्हटलं, पुठ्ठ्यांच्या अस्तराला होतील, द्या इकडे. त्यानं दिले.

उद्घाटनाला दालन भरलं. गर्द निळं छत, त्यावर पिवळेधमक तारे, खरोखर सुंदर दिसत होतं. भावोजींनी तासभर भाषण केलं, त्यात उन्हाळाही आला. टाळ्या झाल्या. मग अध्यक्षांनी सहज, बोलायचं म्हणून, वाचनालयाच्या पहारेकऱ्याला विचारलं, "काय, तुम्हाला तर रात्रभर हेच बघायचं असतं. जमलंय का?"

पहारेकरी म्हातारा. त्यानं टोपी काढून वर बघितलं, बराच वेळ बघितलं, दोन्ही पायांवर आळीपाळीनं वजन टाकलं. "छान आहे, मालक," तो म्हणाला. "फक्त ते मृगाचं जरा... आधी कृत्तिका वर येतात, मग रोहिणी, मग मृग. व्याध त्याच्या मागून येतो, शिकारी आहे ना तो. इथं पूर्वेला कृत्तिका आणि पश्चिमेला व्याध. शिकारी पुढे पळतोय आणि हरीण त्याच्या मागे लागलंय."

आधी मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळं दालन. अध्यक्षही हसले, आणि त्यांचं हसणं अर्ध्यावरच थांबलं, कारण छत त्यांच्या नावानं होतं.

भावोजींची तेव्हाची धावपळ बघण्यासारखी होती. आधी म्हणाले, पलीकडच्या दारातून बघा, सरळ दिसेल. लोक उठून पलीकडच्या दाराशी गेले. व्याध पुढेच. मग म्हणाले, छताकडे पाठ करून मान मागे टाका. दोनतीन म्हाताऱ्यांनी तेही केलं, एकाला उसण भरली. आरशातलं चित्र आपण फिरून सरळ होतं का? पण हे सांगायला कुणी पुस्तक उघडून त्यांच्या समोर धरलेलं नव्हतं. शेवटी अध्यक्षांनी विचारलं, "हे झालं कसं?" आणि आमच्या विद्वानांनी बोट उचललं.

"पेंटरनं खाका उलटा धरला."

शब्द खरा होता. उलटाच धरला होता.

"तुम्हीच सांगितलंत, साहेब," पेंटर भिंतीपाशी उभा होता तिथून म्हणाला.

"मी? आकाशावर पंचवीस वर्षं बोलणारा मी सांगेन?"

आणि लोकांना पटलं! का नाही पटणार? एकीकडे चष्मा, दुसरीकडे रंगानं भरलेली नखं. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला आपल्याकडे कधी वेळ लागत नाही. पेंटर म्हणाला, लेखी आहे. अध्यक्ष म्हणाले, ठीक आहे, शुक्रवारी समितीपुढे आणा.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेंटर माझ्या खोलीत आला. दारातच चपला काढल्या. "बाई, ते चार कागद. त्यातला एक लाल पेन्सिलीचा. आहे ना?"

कागद होता. दाबाच्या यंत्राशेजारी, हात लांब केला असता तर लागला असता, एवढ्यावर होता. त्याच्यावर एक जाडजूड ग्रंथ ठेवलेला होता आणि कागदाची कड बाहेर आली होती.

मी काय विचार केला ते सांगते. मी धाकटीचा विचार केला. भावोजी समितीपुढे तोंडावर पडतील, गाव त्यांना बघून हसेल, आणि धाकटी भाजी आणायला गेली की लोक विचारतील, काय हो, शिकारी पुढे की हरीण? निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. घर कसंही असलं तरी बहिणीचं घर.

"अस्तरात गेले हो सगळे," मी म्हटलं. "तुम्ही दिलेत त्याच आठवड्यात कापले."

पेंटरनं माझ्याकडे बघितलं, मग टेबलाकडे. "असू दे," तो म्हणाला, आणि चपला घालून गेला. तो वळणावर दिसेनासा झाल्याबरोबर मी त्या ग्रंथाचा पुठ्ठा उघडला, कागदाला खळ लावली आणि लाल अक्षरं आत घालून चिकटवून टाकला. कागद कापलाही नाही, घडी करून घातला. चांगला कागद मला कापवला नाही.

शुक्रवारी समितीत पाच मिनिटांत निकाल लागला. छत पुन्हा रंगवायचं, या खेपेला साधं निळं, तारेबिरे काही नाहीत. काम दुसऱ्याला. हे तर वाचनालयापुरतं झालं. पण अध्यक्ष दुकानदारांच्या संघाचेही प्रमुख. पुढच्याच आठवड्यात बाजारात बोलणं सुरू झालं, की ज्याला सुलट-उलट कळत नाही त्याचं नाव आपल्या पाटीच्या कोपऱ्यात कशाला? लोक उद्या विचारतील, मापही उलटंच का? एकानं सांगितलं, नाव पुसून दे. मग दुसऱ्यानं. मेंढरं पुलावरून जातात तशी पुढची सगळी.

भावोजी मात्र खुशीत होते. त्या रविवारी आकाशदर्शनाला दुप्पट लोक आले. मी मागच्या खोलीतून त्यांचा "चूक!" ऐकत होते आणि मनातल्या मनात त्यांना नावं ठेवत होते. लबाड. पळपुटा. उंटावरचा शहाणा. नावं ठेवण्यात मला कोणी हरवू शकत नाही.

सोमवारी धाकटी आली. ती वाचनालयात कधी येत नाही. खुर्चीवरची चोपडी बाजूला करून बसली आणि म्हणाली, "ताई, काल रात्री जेवताना हे म्हणाले, बरं झालं तो कागद सापडला नाही. म्हणजे कागद आहे. तुझ्याकडेच दिला होता ना पेंटरनं?"

मी खळ ढवळायला घेतली. तिनं पातेल्यातल्या खळीकडे बघितलं.

"तुझ्यासाठीच गप्प बसले गं," मी म्हटलं. "लोक हसले असते."

"हसू देत की. घरात मी हसतेच."

"तुला त्रास झाला असता."

"मला विचारलं होतंस?"

मी उगीच सुईत दोरा ओवायला घेतला.

"हे खोटं बोलतात ते स्वतःसाठी," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागलं. "भित्रे आहेत, मला माहीत आहे, पहिल्या दिवसापासून माहीत आहे. पण तू माझं नाव घेऊन खोटं बोललीस. पेंटरच्या बायकोची भेट झाली मला बाजारात. मी मान खाली घालून आले. कोणासाठी घातली मी मान खाली? यांच्यासाठी नाही, यांची मला सवय आहे. तुझ्यासाठी घातली." उठताना तिनं चोपडी परत खुर्चीवर ठेवली, होती तशी.

मी दार लावून घेतलं आणि तो ग्रंथ काढला. ओलं फडकं पुठ्ठ्यावर ठेवून खळ मऊ होईपर्यंत थांबायचं, मग बोथट सुरीनं कडेकडेनं उचलायचं. घाई केली की कागद फाटतो. मी घाई केली आणि एक कोपरा फाटलाच. पण लाल अक्षरं निघाली. 'ही बाजू छताला लावणे.' सही, तारीख, रेघ.

कागद वर्तमानपत्रात गुंडाळून मी बाजारात गेले. भर दुपार होती. पेंटर एका चपलांच्या दुकानासमोर शिडीवर होता. एका हातात टर्पेंटाइनची बाटली, दुसऱ्यात चिंधी. पाटीच्या कोपऱ्यातलं स्वतःचं नाव तो पुसत होता, आजूबाजूचा रंग बिघडू नये म्हणून अगदी जपून, बोटाच्या टोकाला चिंधी गुंडाळून. पाटी त्याच्या हातची होती ना. आधीच्या अर्धा डझन दुकानांचे कोपरे पुसून झालेले मला दिसत होते.

मी शिडीखाली उभी राहिले आणि वर्तमानपत्र सोडून कागद वर धरला.

"तेव्हा माझ्याकडे होता," मी म्हटलं. "मी खोटं बोलले. हा बघा."

त्यानं खाली बघितलं. चेहऱ्यावर राग आला, पहिल्यांदाच मी त्याचा राग बघितला, आणि मला बरं वाटलं, कारण तो रागावला नसता तर मी कुठे तोंड लपवलं असतं?

"मला काय दाखवताय?" तो म्हणाला. "मी तिथेच होतो. त्यांना दाखवा." आणि चिंधीनं त्यानं सगळ्या ओळीकडे, या टोकापासून अध्यक्षांच्या कापडाच्या दुकानापर्यंत, हात केला. मग परत कोपऱ्याकडे वळला, पण पुसेना. चिंधी हातात धरून नुसता थांबला.

मी चपलांच्या दुकानात शिरले. दुकानदार ओळखीचा. "या ताई," तो म्हणाला, "काय म्हणतात आमचे खगोलशास्त्री?" दोन गिऱ्हाइकं बसली होती, त्यांनीही वळून बघितलं. मी कागद त्याच्या गल्ल्यावर पसरला आणि हाताच्या तळव्यांनी सरळ केला.

"आमच्या भावोजींना काही कळत नाही," मी सुरुवात केली. हे वाक्य सोपं होतं, पंचवीस वर्षं घोटलेलं. दुकानदार हसला. गिऱ्हाइकंही हसली. "खाका त्यांनी उलटा करायला लावला, ही त्यांची सही. पेंटरनं नको म्हणून सांगितलं होतं, मी दारात उभी राहून ऐकलं."

"अरेच्चा!" दुकानदार कागदावर वाकला. "बिचाऱ्याला उगीच... भावोजींना कळत नव्हतं म्हणता?"

"नव्हतं," मी म्हटलं. "मला कळत होतं."